खाडीकाठचा हिशेब : रायगडच्या न लिहिलेल्या ऊर्जा आराखड्याचा आढावा

नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यातल्या भट्ट्यांना लागणारा इथेन दोन वाटांनी येतो. पहिली वाट जुनी. मुंबई हायचा नैसर्गिक वायू उरणला उतरतो, तिथे त्यातून इथेन आणि प्रोपेन वेगळे काढले जातात आणि नळाने अंबा नदीच्या काठी पोचतात. दुसरी वाट साधारण २०१७ पासूनची. अमेरिकेतल्या शेल खडकांतून निघालेला इथेन टेक्सासच्या किनाऱ्यावर उणे नव्वद अंशांच्या आसपास थंड करून जहाजांत भरतात; तो अर्धे जग ओलांडून गुजरातेतल्या दहेजला उतरतो आणि तिथून पुन्हा नळाने नागोठण्याला येतो. इथून बाहेर पडतात ते पॉलिथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिनचे दाणे. ते देशभर जातात आणि पिशव्या, पाइप, खुर्च्या होतात.

नागोठण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या परिघात आणखी काय काय आहे, याची नुसती यादी केली तरी जिल्ह्याचे स्वरूप कळते. खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथली टाटांची जलविद्युत केंद्रे. उरणला ओएनजीसीचा तेल-वायू प्रकल्प आणि महानिर्मितीचे वायूवर चालणारे वीजकेंद्र. थळला आरसीएफचा खत कारखाना. उसरला गेलचा प्रकल्प. पेण तालुक्यात डोलवीला जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आणि त्याला कोळसा-खनिज पुरवणारी धरमतर खाडीवरची जेट्टी. पाणी, तेल, वायू, कोळसा अशी सगळ्या प्रकारची ऊर्जा या एका जिल्ह्यातून खेळते.

या सगळ्याचा एकत्र जमाखर्च मांडणारा, हवामान बदलाचा विचार त्याच कागदावर करणारा आणि जिल्ह्यातल्या लोकांपुढे चर्चेला आलेला आराखडा मात्र नाही. देशाचे लक्ष्य आहे, राज्याच्या योजना आहेत, कंपन्यांचे संकल्प आहेत. जिल्ह्याचे असे काही नाही. त्या रिकाम्या जागेत काय काय बसायला हवे, हे पाहण्यासाठी हा आढावा.

छोटे देश काय करतात

युरोपीय संघाने २०१८ मध्ये एक नियम केला. त्यानुसार प्रत्येक सदस्य देशाला, मग तो कितीही लहान असो, २०२१ ते २०३० या दशकासाठी ऊर्जा आणि हवामान यांचा एकत्रित राष्ट्रीय आराखडा लिहावा लागला आणि २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती देणे अपेक्षित होते. आराखड्याचे पाच भाग ठरलेले आहेत : कार्बन उत्सर्जन कमी करणे, ऊर्जेची काटकसर, पुरवठ्याची सुरक्षितता, देशोदेशींची जोडलेली ऊर्जाबाजारपेठ आणि संशोधन व स्पर्धाक्षमता. मसुद्यावर लोकांचे म्हणणे ऐकणे आणि स्थानिक संस्थांशी बोलणे बंधनकारक आहे.

लहान देश म्हणजे किती लहान? लक्झेंबर्गचे क्षेत्रफळ सुमारे २,६०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सात लाखांच्या आत. स्लोव्हेनियाची लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास. माल्टा तर मुंबई शहर आणि उपनगरांच्या क्षेत्रफळाहूनही लहान. रायगड जिल्हा ७,१५२ चौरस किलोमीटरचा आहे आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार होती. आकाराचा प्रश्न असता तर रायगडला आराखडा केव्हाच मिळायला हवा होता.

या छोट्या देशांच्या आराखड्यांतून शिकण्याजोगी मुख्य गोष्ट हिशेबाची आहे. लक्झेंबर्गमध्ये पेट्रोल-डिझेलवरचा कर शेजाऱ्यांपेक्षा कमी, म्हणून बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीतले ट्रक तिथे टाकी भरून जातात. इंधन जळते परक्या रस्त्यांवर, पण आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ते उत्सर्जन विक्री करणाऱ्या देशाच्या खात्यावर पडते. त्यामुळे लक्झेंबर्गच्या उत्सर्जनात रस्ते वाहतुकीचा वाटा अर्ध्याहून अधिक राहिला. या देशाने २०२१ पासून कार्बन कर लावला तो हे खाते नीट करण्यासाठी. स्लोव्हेनियाने शोश्तान्यचे लिग्नाइटवर चालणारे वीजकेंद्र २०३३ पर्यंत बंद करायचे ठरवले, आणि त्याबरोबर खाणीवर जगणाऱ्या वेलेन्ये परिसराचे पुढे काय, हा प्रश्नही त्याला सोडवायला घ्यावा लागला. कोणाच्या खात्यावर काय पडते आणि बदलाची किंमत कोण मोजतो, ही दोन कलमे काढली तर अशा आराखड्यात तक्त्यांशिवाय फारसे उरत नाही. रायगडसाठीही नेमकी तीच कलमे महत्त्वाची आहेत.

दिल्लीचे लक्ष्य नागोठण्यापर्यंत पोचते का?

भारताकडे युरोपसारखा एकच एकत्रित दस्तऐवज नाही, तुकडे आहेत. २००८ चा राष्ट्रीय हवामान कृती आराखडा आणि त्यातली आठ अभियाने. वीज कायदा २००३ प्रमाणे केंद्रीय वीज प्राधिकरण करते तो राष्ट्रीय विद्युत आराखडा. निती आयोगाने २०१७ मध्ये राष्ट्रीय ऊर्जा धोरणाचा मसुदा काढला, पण तो मसुदाच राहिला. पॅरिस कराराखाली दिलेली वचने ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारली गेली : राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर एककामागचे उत्सर्जन २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायचे आणि वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत जीवाश्म इंधनाबाहेरचा वाटा ५० टक्क्यांवर न्यायचा. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची घोषणा झाली होती.

यातले दुसरे वचन मुदतीच्या पाच वर्षे आधीच पुरे झाले. जून २०२५ अखेर देशाच्या सुमारे ४८५ गिगावॉट क्षमतेपैकी निम्मी सौर, पवन, जल, अणू अशा स्रोतांची होती. कामगिरी मोठी आहे, पण ती क्षमतेची आहे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत या स्रोतांचा वाटा अजून चौथाईच्या आसपासच आहे, कारण सूर्य रात्री नसतो आणि कोळशाचे केंद्र रात्रंदिवस चालते. शिवाय देश जी ऊर्जा अखेरीस वापरतो, तिच्यात वीज साधारण पाचवा हिस्सा. बाकीची ऊर्जा भट्ट्यांत, बॉयलरांत, इंजिनांत आणि चुलींत जळते.

नागोठण्याची भट्टी, डोलवीची झोतभट्टी, थळचा अमोनिया हे सगळे त्या उरलेल्या हिश्श्यात मोडतात. इथेन फोडून इथिलिन करायला ८०० अंशांहून अधिक उष्णता लागते आणि ती वायू जाळूनच मिळवतात. थळला तर नैसर्गिक वायू हाच कच्चा माल. त्यातून हायड्रोजन काढायचा, त्याचा अमोनिया करायचा, त्याचा युरिया. म्हणजे ज्या लक्ष्याच्या पूर्ततेचा गौरव झाला ते रायगडच्या मोठ्या कारखान्यांच्या धुराड्यांना शिवतही नाही. त्यांना लागू पडतात ती वेगळी साधने, आणि ती आत्ता कुठे आकाराला येत आहेत.

पाणी : शंभर वर्षांची वीज

रायगडच्या ऊर्जेचा इतिहास कोळशापासून सुरू होत नाही, पाण्यापासून होतो. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस तलावांत अडवायचा आणि बोगद्या-नळांतून पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचा, ही टाटांची कल्पना. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये, भिऱ्याचे १९२७ मध्ये. तिन्हींची वीज मुंबईच्या गिरण्यांना, ट्रामला, रेल्वेला गेली. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण बांधताना सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारपणाखाली १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह झाला. धरणविरोधाची देशातली ही पहिली मोठी चळवळ. धरण झाले, मावळ्यांची गावे बुडाली.

तिन्ही केंद्रांची मिळून आजची क्षमता ४४७ मेगावॉट आहे आणि त्यातली ३०० एकट्या भिऱ्याची. आकडा लहान वाटेल, पण या विजेचे मोल वेगळे आहे. हवी तेव्हा सुरू करता येते आणि हवी तेव्हा थांबवता येते, म्हणून मुंबईच्या संध्याकाळच्या मागणीला तिचा आधार असतो. भिऱ्याच्या ३०० मेगावॉटपैकी १५० मेगावॉट उदंचन पद्धतीचे आहेत : विजेची मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे. सौर आणि पवन विजेचा वाटा वाढत जाईल तशी अशा साठवणीची गरज वाढणार. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात २,८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचा करार झाला : पुणे जिल्ह्यात शिरवट्याला १,८०० आणि रायगडमध्ये भिवपुरीला १,००० मेगावॉट. देशाच्या सौरविजेची रात्रीची सोय सह्याद्रीच्या कड्यावर होणार आहे.

पण हे पाणी नुसती वीज करून थांबत नाही. भिऱ्याहून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, वाटेत महानिर्मितीच्या केंद्रातून आणखी एकदा वीज देते आणि पुढे रोह्याचे कालवे, धाटावची औद्योगिक वसाहत, गावोगावच्या नळयोजना त्यावर चालतात. कोलाडचे राफ्टिंगसुद्धा वीजकेंद्रातून पाणी सुटण्याच्या वेळेवर चालते. भर उन्हाळ्यात कुंडलिका वाहते ती घाटमाथ्यावरच्या पावसाच्या बळावर.

नेमका इथेच पुढचा संघर्ष आहे. टाटांच्या धरणांतून पश्चिमेला वळणारे ४० टीएमसीहून अधिक पाणी मुळात भीमा खोऱ्यातले. ते परत पूर्वेला, सोलापूरकडच्या दुष्काळी पट्ट्याला द्यावे, ही मागणी जुनी आहे आणि दर दुष्काळात ती जोर धरते. तिच्यामागे न्याय आहे. पण उद्या ते पाणी थांबले तर मुंबईला पर्यायी वीज मिळू शकेल. रोह्याच्या शेतकऱ्याने पर्यायी नदी कुठून आणायची? वीज, शेती, पिण्याचे पाणी आणि दोन खोऱ्यांमधला न्याय हे सगळे एका तळ्याशी बांधलेले असताना निर्णय मात्र ऊर्जा खाते, जलसंपदा खाते आणि कंपनी यांच्यात वाटलेले आहेत. जिल्हा पातळीवर आराखडा हवा, याचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही.

वायू : स्वस्त दिवस आणि महागडे धडे

१९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागले आणि रायगडचे रूप पालटले. त्या वायूवर १९८० च्या दशकात उरणचे वीजकेंद्र आणि थळचा खत कारखाना उभे राहिले. दशकाच्या अखेरीस सरकारी मालकीच्या आयपीसीएलने नागोठण्याला वायूवर आधारित पेट्रोकेमिकल संकुल उभारले. नव्वदीच्या दशकात डोलवीलाही वायू वापरून स्पंज आयर्न करायला सुरुवात झाली. जमिनी गेल्या त्या पेण, रोहा, अलिबाग, उरण तालुक्यांतल्या शेतकऱ्यांच्या.

नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या संकुलात इथेन-प्रोपेनची गळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. भोपाळला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये उरणच्या ओएनजीसी प्रकल्पाला आग लागून चौघांचा बळी गेला. ऊर्जासुरक्षा म्हटले की आपण आयात आणि साठे यांवर बोलतो. नळांच्या आणि टाक्यांच्या शेजारी राहणाऱ्यांची सुरक्षा त्या चर्चेत क्वचितच येते.

मुंबई हायचा बहर ओसरला तसे वायूचे गणित फिरले. ६७२ मेगावॉटचे उरण केंद्र वायूच्या टंचाईमुळे वर्षानुवर्षे क्षमतेपेक्षा बरेच कमी चालत आले. देशाच्या ऊर्जेत वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचे केंद्राचे उद्दिष्ट आहे. तो अजून सहा-सात टक्क्यांच्या घरात घुटमळतो. वीजकेंद्राला महागडा आयात वायू परवडत नाही. नागोठण्याच्या कारखान्याला परवडतो, कारण तो इथेनची राख करत नाही, माल करतो. २००२ मध्ये आयपीसीएल रिलायन्सच्या हाती आली, २००७ मध्ये तिचे विलीनीकरण झाले, आणि त्यानंतरच्या दशकात अमेरिकी इथेनची वाट बांधली गेली. रायगडच्या एका गावातला रोजगार आता ह्यूस्टनच्या बाजारभावाशी आणि समुद्रमार्गांच्या शांततेशी जोडला गेला आहे.

हवामानाच्या हिशेबात नाफ्थापेक्षा इथेन फोडणे बरे. इथिलिनच्या दर टनामागे कार्बन कमी निघतो. पण त्या इथिलिनचे प्लास्टिक होते आणि प्लास्टिकचा शेवट जाळण्यात झाला तर अडकलेला कार्बन हवेतच जातो, तोही दुसऱ्याच एखाद्या जिल्ह्याच्या खात्यावर. राज्याने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली; दाण्यांच्या उत्पादनाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न त्या बंदीच्या कक्षेबाहेर राहिला.

पोलाद : सर्वांत मोठे धुराडे

डोलवीचा कारखाना इस्पात उद्योगाने उभारला. २०१० च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यूकडे आला. आज त्याची क्षमता वर्षाला एक कोटी टन आहे आणि ती दीड कोटीवर नेण्याचे काम चालू आहे. भारतात एक टन कच्चे पोलाद करताना सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाची सरासरी १.९ टनांच्या आसपास आहे. राष्ट्रीय सरासरीनेच हिशेब मांडला तर एक कोटी टन पोलादामागे अडीच कोटी टन उत्सर्जन होते. डोलवीला वायूचाही वापर असल्याने खरा आकडा वेगळा निघेल, पण अंदाजासाठी एवढे पुरे. संपूर्ण स्लोव्हेनिया देशाचे वर्षाचे उत्सर्जन दीड-पावणेदोन कोटी टन आहे. म्हणजे पेण तालुक्यातल्या एका आवारात एका युरोपीय देशाएवढा, कदाचित त्याहून जास्त, कार्बन हवेत जातो आणि त्या देशाला कायद्याने जो आराखडा करावा लागतो तो इथे कुणालाच करावा लागत नाही.

हे पोलाद मुंबईच्या पुलांत, पुण्याच्या मोटारींत, परदेशी मालात जाते. म्हणून सगळे पाप पेणच्या माथी मारणेही खोटेच. खाते दोघांचे आहे : करणाऱ्याचे आणि वापरणाऱ्याचे.

इथे दोन नवी साधने कामाला लागत आहेत. पहिले, देशी कार्बन बाजार. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. पोलाद, पेट्रोकेमिकल, खत यांसह नऊ उद्योग तिच्या कक्षेत घ्यायचे ठरले. प्रत्येक कारखान्याला दर टन मालामागे उत्सर्जनाची मर्यादा. तिच्या आत राहिला तर क्रेडिट मिळणार, ओलांडली तर विकत घ्यावे लागणार. दुसरे, युरोपचा सीमेवरचा कार्बन आकार. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागवली जात होती. १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा टप्पा सुरू झाला. युरोपला जाणाऱ्या पोलादावर आता त्यातल्या कार्बनची किंमत लागते. स्लोव्हेनिया-लक्झेंबर्गसारख्या देशांनी आपल्या कारखान्यांसाठी केलेला नियम असा धरमतरच्या जेट्टीपर्यंत येऊन पोचला. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने हरित पोलादाची व्याख्या केली, तीही या दबावाच्या पार्श्वभूमीवर : टनाला २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच हरित.

दोन्ही साधनांत एक उणीव सारखी आहे. ती दर टनामागे मोजतात. टनामागचा कार्बन दहा टक्क्यांनी उतरला आणि उत्पादन पन्नास टक्क्यांनी चढले, तर कागदावर प्रगती दिसते आणि शेजारच्या गावांवरचा धूर, खाडीतल्या बार्जेस, रस्त्यावरचे ट्रक वाढतच जातात. देशाला दर टनाचा हिशेब चालेल. जिल्ह्याला एकूण बेरीज लागते.

न विचारलेले प्रश्न, आणि एकदा विचारलेला

रायगडच्या जमिनीचे आणि ऊर्जेचे निर्णय बाहेर झाले, याला एक अपवाद आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण, पनवेल तालुक्यांतल्या गावांची जमीन मागितली गेली, तेव्हा ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील आणि इतरांनी मोठे आंदोलन उभारले. पेणमधली २२ गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारनेच त्या गावांत शेतकऱ्यांचा कौल घेतला. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी असा कौल देशात पहिलाच. निकाल अधिकृतपणे गुलदस्त्यात राहिला, पण कल कुणापासून लपला नाही आणि प्रकल्पही झाला नाही.

अलिबाग तालुक्यातल्या शहापूर-धेरंड पट्ट्यात टाटा आणि रिलायन्स यांच्या मोठ्या वीजप्रकल्पांना शेतकऱ्यांनी श्रमिक मुक्ती दलाच्या साथीने विरोध केला. तिथेही वीजकेंद्र उभे राहिले नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या नाणार इथल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना रद्द झाल्यावर जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगण्यात आले की तो प्रकल्प रोह्याकडे येईल. त्यासाठी अलिबाग, मुरूड, रोहा आणि श्रीवर्धन तालुक्यांतल्या चाळीस गावांचा उल्लेख झाला. पुढे तीही चर्चा विरली. नागोठण्यात भूसंपादनाला तीन-चार दशके होऊनही प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांचा प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

या सगळ्यांतून एक गोष्ट दिसते. रायगडच्या माणसाला मत द्यायची वेळ येते ती प्रकल्प ठरल्यावर, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्याच दोन पर्यायांत. जिल्ह्याने किती ऊर्जा वाहावी, कोणत्या प्रकारची, कोणत्या मोबदल्यात, हा प्रश्न आधी आणि शांतपणे कधी विचारलाच जात नाही. मग विरोध हाच एक आवाज उरतो.

हवामानाचा फटका

हवामानाच्या हिशेबातली खर्चाची बाजू अशी. २४ जुलै १९८९ ला अंबेच्या पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त केला; नागोठण्याच्या बाजारपेठेला पुराचे पाणी नवे नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला तळिये गाव दरडीखाली गाडले गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. दरम्यान ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, विजेचे हजारो खांब पडले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. प्रत्येक दुर्घटना हवामान बदलामुळेच झाली असे म्हणता येणार नाही. पण थोड्या वेळात फार पाऊस आणि अरबी समुद्रात जोर धरणारी वादळे यांचे प्रमाण वाढते आहे, हे शास्त्रज्ञ सांगत आहेत.

पेण-अलिबागच्या खारेपाटात फटका सावकाश येतो. खारबंदिस्तीचे बांध फुटले की खाडीचे पाणी भातशेतीत शिरते, काही वर्षांत तिथे कांदळवन उगवते, आणि कांदळवन तोडायला कायद्याने बंदी. कांदळवन कार्बन शोषते आणि किनारा राखते, म्हणून ते वाढणे देशाच्या हिशेबात जमेला लागते. त्याच जागी शेतकऱ्याची सातबाऱ्यावरची जमीन खर्ची पडते. त्याच खारेपाटातली गावे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात, तर तालुक्यातल्या हेटवण्याचे पाणी नवी मुंबईला जाते.

घराच्या छपरापासून

मोठ्या धुराड्यांच्या सावलीत छोटी ऊर्जा नजरेआड होते. उरणला घरगुती गॅस तयार होतो आणि सुधागड-रोह्याच्या अनेक कातकरी वाड्यांवर अजून चूल पेटते, कारण २०१६ च्या उज्ज्वला योजनेत सिलिंडर आला तरी तो पुन्हा भरायला पैसे लागतात. याच कातकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कोळशाच्या भट्ट्या लावल्या आणि आजही ती वीटभट्ट्यांवर राबतात. इंधन बदलाची चर्चा त्यांच्या मजुरीला वगळून करता येणार नाही.

छतावरच्या सौरविजेला फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. कोकणात तिला दोन अडचणी. जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत. हमरापूर-जोहे पट्ट्यातल्या गणपती कारखान्यांची लगबग नेमकी त्याच दिवसांत असते. आणि निसर्गसारखे वादळ कौले-पत्रे उडवते, तिथे पॅनेल कसे बसवायचे याची मापे कोकणासाठी वेगळी हवीत. अलिबागमध्ये वीजवाहिन्या भूमिगत करण्याचे काम चक्रीवादळ प्रकल्पातून झाले. ते इतर किनारी गावांना कधी लाभणार, हा आराखड्याचाच प्रश्न आहे.

एक चांगला धागा मात्र जिल्ह्यात जुनाच आहे. जानेवारी १९९९ मध्ये कोकण रेल्वेने कोलाडहून वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक रेल्वेवरून नेण्याची रो-रो सेवा सुरू केली. मार्च २०२२ पर्यंत कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाले, म्हणजे त्या ट्रकांचे डिझेल आता विजेने वाचते. मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामाने सगळे वैतागलेले असताना हवामानासाठी उपयोगी अशी ही सोय रुळांवर उभी आहे.

कागद कोणता, सही कोणाची

असा आराखडा लिहायला नवा कायदा लागत नाही. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने आणलेले २४३ झेडडी हे कलम जिल्हा नियोजन समितीला ग्रामपंचायती आणि नगरपालिकांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा विकास आराखडा करायला सांगते. महाराष्ट्राने १९९८ मध्ये त्यासाठी कायदा केला. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशाने जिल्हा पर्यावरण आराखडेही सुरू झाले, पण त्यांत भर आहे तो कचरा, सांडपाणी आणि प्रदूषण यांवर. आपत्ती आराखडा वेगळ्या फाइलीत. नियोजन समिती बहुतेक वेळा निधीवाटपाची बैठक होऊन राहते. रायगडच्या बाबतीत तर २०२५ मध्ये पालकमंत्रिपदाची नेमणूकच स्थगितीत अडकली होती.

या आराखड्यात किमान चार गोष्टी हव्यात. पहिली, वार्षिक ताळेबंद : जिल्ह्यात किती कोळसा, वायू, पाणी आले, किती वीज, पोलाद, प्लास्टिक, खत गेले आणि किती कार्बन, राख, सांडपाणी मागे राहिले. कार्बन बाजारासाठी कारखान्यांना मोजणी करावीच लागणार आहे. तीच आकडेवारी तालुकावार जाहीर व्हावी. दुसरी, कुंडलिकेच्या पाण्याची लेखी हमी, आणि भिवपुरीसारखे उदंचन प्रकल्प त्या हमीला बांधलेले. तिसरी, वादळात टिकणारी वीजव्यवस्था आणि खारबंदिस्तीची दुरुस्ती; कांदळवनाने ज्यांची जमीन घेतली त्यांना कार्बनच्या उत्पन्नात वाटा. चौथी, नोकऱ्यांचा नकाशा : पोलाद आणि पेट्रोकेमिकलचे तंत्र बदलेल तेव्हा कंत्राटी कामगाराच्या हाती कोणते कौशल्य असेल.

विरोधकांचा आक्षेप ठाऊक आहे : जिल्हा म्हणजे देश नव्हे; विजेची तार आणि वायूचा नळ सरहद्द ओळखत नाहीत. खरे आहे. पण तो आक्षेप लक्झेंबर्गलाही लागू आहे, आणि तरीही त्याने खाते उघडले, कारण खाते नसेल तर वाटाघाटीला आधार राहत नाही. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाल्यापासून आणि पेण-उरण-पनवेलच्या १२४ गावांत तिसऱ्या मुंबईची आखणी सुरू झाल्यापासून रायगडकडे मागणाऱ्यांची रांग लांबच होत चालली आहे. डोलवी, उसर किंवा नागोठणे यांच्यापैकी कुठल्याही प्रकल्पाच्या पुढच्या विस्ताराची पर्यावरणीय जनसुनावणी लागेल, तेव्हा कंपनीच्या अहवालाशेजारी जिल्ह्याचा स्वतःचा ताळेबंद टेबलावर असला पाहिजे. तो असेल तर गावकऱ्यांना ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यापलीकडे तिसरे काही बोलता येईल : किती, कोणत्या अटीवर आणि कुणाच्या खर्चाने.